ट्रेनिंग हॉलमधली झोप आणि पुठ्ठ्याचे पत्ते

गेजमास्तर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय रूक्ष आहे, पण कारखान्यात, हॉस्पिटलात, बँकेत नोकरी करणारे इथे पुष्कळ आहेत, म्हणून धीर केला.

मी चाकणला एका प्रेस शॉपमध्ये (मोठ्या प्रेसखाली पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे) क्वालिटीत आहे. १८ वर्षं वर्निअर आणि मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायची साधनं, सांभाळली. दीड वर्षापूर्वी एचआरमधल्या मॅडम नोकरी सोडून गेल्या आणि साहेब म्हणाले, "तुमचा आवाज खणखणीत आहे, ट्रेनिंग आता तुम्हीच बघा." आवाजावर पोस्टिंग मिळालेला मी बहुधा आमच्या एमआयडीसीतला पहिलाच.

आमचं ट्रेनिंग कसं असतं सांगतो. पहिली पाळी साडेतीनला सुटते. माणसं हात धुऊन सरळ हॉलमध्ये. शॉपमध्ये एसी नाही, हॉलमध्ये आहे. आठ तास उभं राहिलेल्या माणसाला गार हवा, अंधार आणि मऊ खुर्ची एकदम मिळाली तर तो काय करेल? वर ७२ स्लाइड, सगळ्या इंग्रजीत, कस्टमरकडून आलेल्या. पाचव्या मिनिटाला मागच्या रांगेत पहिली मान पडते. शेवटी अटेंडन्स शीट फिरते, सह्या होतात, वडापाव खाऊन लोक बस पकडतात. फाइल भरली, ट्रेनिंग झालं.

गुणवत्तेचं मानक आयएसओ ९००१, त्याची २०१५ ची आवृत्ती सांगते की प्रशिक्षण दिलं एवढ्यावर थांबू नका, त्याचा परिणाम झाला का तेही तपासा. आम्ही तपासायचो की. दहा प्रश्नांचा पेपर. सगळ्यांना दहापैकी नऊ. पहिल्या रांगेतला पेपर मागेमागे सरकत जायचा, त्यामुळे सगळ्यांची चूकही एकच, आणि तीही त्याच सातव्या प्रश्नात!

माझी मुलगी नववीत आहे. तिच्या शाळेत कहूट, म्हणजे फोनवरची प्रश्नमंजुषा, खेळतात. तिच्याकडून शिकलो, साहेबांकडून एक दिवस फोन आत न्यायची परवानगी काढली (एरवी फोन गेटवरच लॉकरमध्ये) आणि सुरक्षेवर वीस प्रश्न बनवले. लाल त्रिकोण, पिवळा गोल, मागे ते धडधडणारं संगीत. काय सांगू, हॉल पेटला! ट्रेनी पोरं खुर्चीवर उभी. मी मनात म्हटलं, जिंकलो.

तिसऱ्या खेपेला लक्षात आलं की जिंकणारे तेच तीन ट्रेनी आहेत. बोटं चपळ, पुढे कोण येणार ते ठरलेलं. आमचे एक सेटर आहेत, म्हणजे प्रेसमध्ये डाय (साचा) बसवणारे, २६ वर्षं प्रेसवर. डाय बसली की नाही ते आवाजावरून सांगतात. ते फोन खिशात ठेवून स्वस्थ बसले होते. मी विचारलं, "काका, खेळत नाही?" म्हणाले, "मास्तर, मी गाडी चालवतो, रेस लावत नाही."

रात्रभर ते वाक्य डोक्यात फिरलं. त्या खेळात लवकर उत्तर दिलं की जास्त गुण. गुण न देताही प्रश्न ठेवता येतात हे मला नंतर कळलं, चूक माझीच. पण बघा ना, शॉपमध्ये मी दिवसभर ओरडतो, "घाई करू नका, प्रेस आहे, बोट जाईल," आणि हॉलमध्ये घाईलाच बक्षीस देतो.

तर मंडळी, तुम्ही काय करून पाहिलंय? अटी अशा: फोन नाही, हॉलमधलं नेट लहरी, ३४ माणसं, त्यातली दहा-बारा ओडिशा-झारखंडची, ज्यांना मराठी वाचता येत नाही, आणि वेळ अर्धा तास. खर्च विचारायचा नाही, कारण तो नाहीच.

---

साखरझोप

मी बँकेत. आमच्याकडे झोप येत नाही, कारण ट्रेनिंग कुणी बघतच नाही. दर वर्षी ठरावीक मॉड्यूल. व्हिडिओ म्यूट करून एका खिडकीत चालू ठेवायचा, दुसऱ्या खिडकीत कर्जाच्या फायली. मधूनमधून "पुढे" दाबायला यावं लागतं तेवढाच व्यत्यय. परीक्षेला तीन प्रयत्न, आणि उत्तरं ग्रुपवर.

एकच ट्रेनिंग जन्मभर लक्षात राहिलं. आयटीवाल्यांनी एक खोटा ईमेल सोडला होता, "तुमची रजा नामंजूर झाली आहे, कारण पाहण्यासाठी इथे क्लिक करा." दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात. अर्ध्या शाखेने क्लिक केलं, मी सगळ्यात आधी. पान उघडलं: "सापडलात!" खाली चार ओळी, हा मेल खोटा हे कशावरून ओळखता आलं असतं त्याच्या. पंचेचाळीस मिनिटांचं मॉड्यूल एका बाजूला आणि त्या चार ओळी एका बाजूला. तेव्हापासून मी पाठवणाऱ्याचा पत्ता वाचल्याशिवाय बायकोचाही मेल उघडत नाही.

---

वॉर्डातली

गेजमास्तर, सातव्या प्रश्नावर जोरात हसले. आमच्याकडे तो चौथा असतो.

मी मिरजेकडची, सिस्टर इन्चार्ज. आमच्या डोक्यावर जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत. नोकरीला लागताना प्रशिक्षण आणि नंतर वर्षातून निदान एकदा. पिवळी पिशवी, लाल पिशवी, पांढरा डबा, निळा डबा. तक्ता प्रत्येक वॉर्डात भिंतीवर आहे. त्याच्याखालच्याच लाल पिशवीत सुई सापडते आणि सफाईच्या मामांच्या बोटात जाते. म्हणजे तक्ता कुणी वाचत नाही.

मी काय केलं? वेगळं ॲप वगैरे काही नाही. सगळ्या मावश्या-मामांकडे व्हॉट्सॲप आहे, फोटो आणि शुभ सकाळ पाठवायला का होईना. रोज सकाळी ड्यूटी बदलायच्या आधी आमच्याच वॉर्डातल्या कचऱ्याचा एक फोटो टाकायचा. पेशंटचा चेहरा, नाव, केसपेपर काही दिसता कामा नये, हे मी दोनदा तपासते. खाली पोल: पिवळी, लाल, पांढरा, निळा. रक्ताने भिजलेला कापूस, सोपं, पिवळी. वापरलेले हातमोजे, इथे मारामारी, उत्तर लाल. सुईसकट सिरिंज टाकली तेव्हा निम्म्यांनी लाल म्हटलं, निम्म्यांनी पांढरा. मग समजावलं की सुई आधी कटरने वेगळी, ती पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, आणि राहिलेलं प्लॅस्टिक लाल पिशवीत.

मग एक गडबड दिसली. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये कुणी काय मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. त्यामुळे सगळे आमच्या थोरल्या मावशींची वाट बघत बसायचे. त्यांनी बोट लावलं की धडाधड तिकडेच मतं. मग मी पोल बंद केला आणि म्हटलं, उत्तर मला एकटीला आवाजात पाठवा. आमच्यातल्या तिघींना लिहिता येत नाही, पण व्हॉइस मेसेज त्या माझ्यापेक्षा सफाईने पाठवतात. आणि बाई गं, काय उत्तरं यायला लागली! नुसता रंग नाही, कारणंसुद्धा.

फुटलेल्या अँप्यूलचा (इंजेक्शनच्या औषधाच्या कुपीचा) फोटो टाकला होता. काच, म्हणजे निळा डबा. एका मावशींचा आवाज आला: "सिस्टर, ते निळं बरोबर हाय, पण आपल्या वॉर्डात निळा डबा हाय कुठं?"

मी उठून पाहिलं. खरंच नव्हता. स्टोअरमध्ये खोक्यात पडून होता, कित्येक महिने. आणि मी कितीतरी वेळा त्याच तक्त्यासमोर उभी राहून "काच निळ्यात" असं शिकवलं होतं.

---

तिसरी_पाळी

सगळं छान चाललंय. मी जरा मिठाचा खडा टाकतो, राग मानू नका.

मी कामगार आहे, युनियनचं थोडंफार बघतो. पहिली गोष्ट, साडेतीनला पाळी सुटल्यावर ट्रेनिंग. तो अर्धा तास कुणाचा? पगारी आहे का? नसेल तर माणूस झोपतो यात ट्रेनिंगचा दोष कमी आणि हिशेबाचा जास्त. गाणी लावा, रंग लावा, फुकटचा अर्धा तास तो फुकटचाच.

दुसरी, ज्याला सर्वात गरज आहे ते कंत्राटी पोरगं पहिल्या दिवशी गेटवर एक व्हिडिओ बघतं, सही करतं आणि तासाभरात प्रेससमोर उभं असतं. तुमच्या हॉलमध्ये ते येतं का?

आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची. कागदावर कॉपी करता येत होती ते एका अर्थी कामगाराचं संरक्षण होतं. आता तुमच्या स्क्रीनवर नावानिशी लाल पट्टी येणार, की अमक्याला दहातले सहा प्रश्न चुकले. ती पट्टी पगारवाढीच्या वेळी कुणाच्या टेबलावर असते? २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीने कलम १११-अ आलं. सुरक्षेची माहिती मागणं आणि शक्यतो कारखान्यातच प्रशिक्षण मिळणं, याला तिथे कामगाराचा हक्क म्हटलं होतं. हक्काची परीक्षा घेऊन गुण लावायचे, ही कुठली पद्धत?

---

साखरझोप

तिसरी_पाळी यांच्या पहिल्या मुद्द्याला +१०००. आमची मॉड्यूलं "फावल्या वेळात" करायची असतात. फावला वेळ!

---

खडूफळा

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. माझ्याकडेही फोन नसलेली ३४ जणं असतात, फक्त वय आठ ते दहा. :)

गेजमास्तर, प्लिकर्स नावाचं एक साधन आहे, ते बघाच. प्रत्येकाला कागदावर छापलेला एक पत्ता द्यायचा. त्यावर काळ्या चौकोनांची एक नक्षी, क्यूआर कोडसारखी पण ठोकळेबाज. प्रत्येक पत्त्याची नक्षी वेगळी आणि त्यावर क्रमांक. चार बाजूंना अगदी बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. उत्तर बी असेल तर बी वर येईल असा पत्ता धरायचा. तुम्ही समोरून फोनचा कॅमेरा फिरवलात की तो सगळे पत्ते एकदम वाचतो. फोन एकच, तुमचा. मुलांच्या हातात फक्त कागद.

यातली खरी गंमत म्हणजे शेजाऱ्याला कळत नाही. नक्षी प्रत्येकाची निराळी, अक्षरं बारीक, म्हणजे बघून उचलायचं तरी काय? हात वर करायला सांगितले की हुशार मुलाकडे बघून बाकीचे हात वर जातात. इथे तसं होत नाही. वर्गात कधीच न बोलणारी एक मुलगी सलग बरोबर असल्याचं मला या पत्त्यांवरून कळलं.

पत्ते त्यांच्या साइटवरून फुकट छापता येतात, ४० चा संच आहे. जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. पत्ता कडेला धरायला शिकवा, नक्षीवर अंगठा आला की कॅमेरा आंधळा होतो.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं ते पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडच्या कामासाठी, ते तुम्हाला आठवत असेल. आमच्या शाळांना गरिबीमुळे असल्या कागदी युक्त्या बऱ्याच माहीत असतात. कारखान्यांनी कधीतरी आमच्याकडेही शिकायला यावं.

---

दूरदेशी

नॉर्वेतून वाचतोय. कहूटचं मूळ आमच्याच इथलं, त्रोन्दहाइमच्या तंत्रविज्ञान विद्यापीठातलं, २०१३ पासून लोकांसाठी खुलं झालं. तिथलेच प्राध्यापक आल्फ इंगे वांग यांनी २०१५ मध्ये एक शोधनिबंध लिहिला, की या खेळाची नवलाई ओसरते का. पाच महिने वारंवार खेळूनही शिकण्यावरचा आणि उत्साहावरचा परिणाम फारसा घटला नाही. लक्षणीय घट झाली ती वर्गातल्या एकमेकांतल्या गजबजाटात. म्हणजे गेजमास्तरांच्या काकांनी तिसऱ्याच खेपेला ओळखलं ते नवल नाही, फक्त त्यांचं कारण वेगळं होतं.

प्रश्नमंजुषा हे फक्त मनोरंजन आहे असं समजू नका. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. तुमची "नऊ गुणांची" परीक्षा ट्रेनिंग संपल्या संपल्या होते. ती आठवड्याने घेऊन बघा, रडू येईल.

---

पाना_बारा_तेरा

मी टूल रूमचा माणूस. पत्ते, खेळ ठीक आहे. पण डाय कशी बसवायची ते पत्त्यावर कसं शिकवणार?

आमच्याकडे आम्ही मोबाइलवर छोटे व्हिडिओ केले. एक व्हिडिओ, एक काम. दीड मिनिटाच्या वर गेला की परत शूट. कॅमेऱ्यात चेहरा नाही, फक्त हात. बोलणार तो, जो रोज ते काम करतो, साहेब नाही. पहिल्या प्रयत्नात प्रेसच्या आवाजात एक अक्षर कळेना, म्हणून जेवणाच्या सुट्टीत लाइन बंद असताना केले. स्टॅक लाइट (मशीनवरचे रंगीत दिवे), बोल्ट कोणत्या क्रमाने आवळायचे, शट हाइट (प्रेस पूर्ण खाली आल्यावर उरणारी उंची) कुठे बघायची. क्यूआर कोड छापून डाय रॅकवर चिकटवला. आठवड्यात तेलाने त्याचा चिखल झाला! आता सुपरवायझरच्या टॅबवर ठेवलेत आणि रॅकवर पत्र्याच्या पट्टीवर नुसता व्हिडिओचा नंबर पंच केलाय. पंच केलेला नंबर तेलाला भीत नाही.

तुमच्या त्या काकांना कॅमेऱ्यासमोर उभं करा. रेस नाही लावत ना? मग गाडी शिकवू द्या की त्यांना.

---

गेजमास्तर

महिन्याने येतोय, माफी असावी. मधे ऑडिट होतं. सगळ्यांचे प्रतिसाद प्रिंट काढून बॅगेत घेऊन फिरत होतो.

खडूफळा सर, पत्ते छापले. आणि पहिल्याच दिवशी फजिती. मी हौसेने चकचकीत लॅमिनेशन करून आणलं. हॉलमधल्या ट्यूबलाइटचा उजेड त्यावर असा चमकायचा की फोनला अर्धे पत्ते दिसेनात. मी घामाघूम. शेवटी आमच्या एका फिटरने शॉपमधून बारीक पॉलिश पेपर आणला आणि "द्या इकडं" म्हणत एकेका पत्त्यावर हलक्या हाताने फिरवला. चमक गेली, पत्ते दिसायला लागले. हॉलमध्ये टाळ्या. त्या दिवसाचं सगळ्यात गाजलेलं ट्रेनिंग तेच.

तिसरी_पाळी दादा, तुमचा प्रतिसाद आधी टोचला, मग पटला. तीन गोष्टी केल्या. एक, ट्रेनिंग आता पाळीच्या आत, जेवणानंतरची वीस मिनिटं, लाइन थांबवून. यासाठी साहेबांशी दोन आठवडे वाद घातला, प्रॉडक्शनवाले अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. दोन, कंत्राटी मुलं त्यातच बसतात. तीन, पत्त्यांना नाव जोडलं नाही. सुरुवातीला टोपलीतून कुणीही कुठलाही पत्ता उचलायचा. मला फक्त आकडे दिसतात. ऑडिटला लागणारी प्रत्येकाची तपासणी मशीनवर, काम करताना, सेटर काका करतात, तिचा या खेळाशी संबंध नाही.

आणि एक माझी भर. डी या बाजूला दर वेळी एकच उत्तर: "खात्री नाही." कागदावर हा पर्याय मी आयुष्यात कधी दिला नव्हता.

पहिला प्रश्न टाकला वर्निअरचा. आमच्याच वर्निअरचा जवळून काढलेला फोटो, भाषा नाही, त्यामुळे ओडिशाची मुलंही बरोबरीत. मुख्य पट्टीवर २४ ओलांडलेलं, वर्निअरची सतरावी रेघ जुळलेली. पर्याय: ए २४.१७, बी २४.३४, सी २५.३४. लीस्ट काउंट (वर्निअरच्या एका रेघेची किंमत) ०.०२, सतरा गुणिले ०.०२ म्हणजे ०.३४, उत्तर बी. स्क्रीनवर पट्ट्या उमटल्या. ३४ पैकी ९ जण बी. ११ जण ए, म्हणजे रेघ बरोबर शोधली पण गुणलं नाही. एक सी. आणि १३ जण डी.

तेरा माणसं! दर वर्षी ज्यांना वर्निअरच्या पेपरात नऊ गुण मिळतात त्यांच्यातली. मी त्या दिवशी स्लाइड उघडलीच नाही. दहा वर्निअर मागवले आणि तिघाचौघांत एकेक दिला. दूरदेशी, तुमचं ऐकून तसाच एक प्रश्न आठवड्याने परत टाकला, वेगळ्या मापाचा. बी २६. रडू नाही आलं.

---

वॉर्डातली

"खात्री नाही" ही बाजू मी उद्यापासून आणते. आमच्यात हे शब्द उच्चारायला कुणी धजत नाही, डॉक्टर तर मुळीच नाहीत. :)

---

तिसरी_पाळी

पाळीच्या आत घेतलंत, हे मानलं. पत्त्याला नाव नाही हेही. साहेब बदलले की नाव जोडायला किती वेळ लागतो, एवढंच विचारून ठेवतो.

---

गेजमास्तर

दादा, पाच मिनिटं. यादीत नावं भरायची की झालं. तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि माझ्याकडे त्याला उत्तर म्हणजे फक्त मी तिथे आहे तोवर, एवढंच.

पण एक सांगायचं राहिलं, ते या टोपलीमुळेच घडलं.

दर मंगळवारी एक फोटो दाखवतो, "यात काय चुकलंय?" शॉपमध्ये फिरताना मीच काढतो. हेल्मेट खुंटीला, वाटेत ट्रॉली, कॅलिब्रेशनची (अचूकता तपासायची) तारीख उलटलेला गेज. हसत-खेळत चालायचं. एका मंगळवारी मी एका प्रेसच्या दोन हातांच्या बटणांचा फोटो टाकला. माहीत नसलेल्यांसाठी: प्रेस चालवायला दोन्ही हातांनी दोन लांबलांबची बटणं एकदम दाबायची असतात, म्हणजे दोन्ही हात डायबाहेर राहतात. फोटोत डाव्या बटणावर चिंधी गुंडाळलेला एक बोल्ट ठासून बसवलेला. म्हणजे प्रेस एका हाताने चालते आणि दुसरा हात मोकळा. मोकळा हात कुठे जातो ते सांगायला नको.

हॉल एकदम शांत. कॅमेरा फिरवला. ३४ पैकी २७ डी. खात्री नाही.

वर्षानुवर्षं प्रेसवर असलेली माणसंसुद्धा डी! मला आधी संताप आला. मग कळलं की हे उत्तर चुकीचं नाहीच. सगळ्यांना ठाऊक आहे की मशीन कुठलं आणि पाळी कुणाची. फोटो काढून मी त्यांच्यातल्याच एकाला भिंतीवर टांगलं होतं आणि ते मला सांगत होते, मास्तर, आम्ही यात नाही.

बोल्ट तर फोटो काढला तेव्हाच काढला होता. पुढचे दोन दिवस काहीच टाकलं नाही. शुक्रवारी नुसता प्रश्न टाकला, कुणाचं मशीन नाही, कुणाचा फोटो नाही: "एक बटण बांधून ठेवावंसं का वाटतं?" ए, टार्गेट पुरं होत नाही. बी, पार्ट जागेवर राहत नाही, हाताने धरावा लागतो. सी, सवय. डी तीच.

ए ६. बी २३. सी १. डी ४.

तेवीस! मी, मेंटेनन्सवाले आणि सेटर काका त्या डायवर गेलो. लोकेटिंग पिन (पार्ट जागेवर धरणाऱ्या) झिजून बोथट झाल्या होत्या. पार्ट ठेवला की तिरपा व्हायचा, मग पोरं एका हाताने दाबून धरायची. काका म्हणाले, "हे मी दोनदा सांगितलं होतं." कुणाला? तर तोंडी, सुपरवायझरला, पाळी बदलताना. त्या दिवशी दुपारपर्यंत नव्या पिन बसल्या. बटणांच्या तारा आता अशा जोडल्यात की एक बटण आधीपासून दाबलेलं असेल तर प्रेस चालूच होत नाही. ते खरं म्हणजे पहिल्या दिवसापासून तसंच हवं होतं, आणि ते तपासणं माझ्याच विभागाच्या यादीत होतं. हे इथे लिहितोय, ऑडिट रिपोर्टमध्ये जरा वेगळ्या भाषेत लिहिलंय.

---

पाना_बारा_तेरा

अंगावर काटा आला. झिजलेली पिन टूल रूमच्या खात्यातली, त्यामुळे आमच्या जातभाईंच्या वतीने माफी. काकांचा व्हिडिओ झाला का?

---

गेजमास्तर

झाला. सात वेळा शूट करावा लागला, कारण ते दर वेळी शेवटी "समजलं का रे?" म्हणून कॅमेऱ्याकडे बघून डोळे वटारतात. सातव्यांदा मी ते तसंच राहू दिलं. पोरांना पाठ झालंय. पिन बोटाने चाचपून बघायची ही पायरी त्यात त्यांनी स्वतःहून घातली.

---

तिसरी_पाळी

गेजमास्तर, एक काम करा. ते पत्ते मला पाठवता का? आमच्या युनियनच्या मीटिंगला हात वर करून ठराव होतात, आणि सगळे आधी अध्यक्षांच्या हाताकडे बघतात.

---

गेजमास्तर

हाहाहा. पाठवतो. मॅट लॅमिनेशन सांगा बरं का, नाहीतर पॉलिश पेपर सोबत ठेवा.